प्लगइन टाकण्याआधी: वर्डप्रेस साइट वेगवान आणि सुरक्षित ठेवणारी निवड

वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात साठ हजारांच्या आसपास मोफत प्लगइन्स आहेत. ‘इन्स्टॉल नाउ’ आणि ‘ॲक्टिव्हेट’ ही दोन बटणं दाबायला अर्धं मिनिट पुरतं, आणि गडबड नेमकी तिथेच होते. प्लगइन म्हणजे कुणीतरी लिहिलेला पीएचपी कोड. चालू केल्यावर तो वर्डप्रेसच्या बरोबरीने, त्याच अधिकारांनी चालतो. डेटाबेस वाचू शकतो, फाइल्स बदलू शकतो, नवा ॲडमिन तयार करू शकतो. मोबाइलवर ॲपला कॅमेऱ्याची, संपर्क यादीची परवानगी वेगवेगळी मागावी लागते, तसं इथे काही नाही. पानाच्या कोपऱ्यात एक बटण दाखवणाऱ्या प्लगइनलाही बॅकअप घेणाऱ्या प्लगइनइतकेच हक्क मिळतात.

म्हणून ‘साइटवर किती प्लगइन्स चालतील?’ या नेहमीच्या प्रश्नाला आकड्यात उत्तर देता येत नाही. पंचवीस छोटी, नीट लिहिलेली प्लगइन्स असूनही साइट झटपट उघडते. आणि एकच प्लगइन प्रत्येक पानावर बाहेरच्या सर्व्हरला विचारणा करत बसलं की सगळं अडतं. बघायचं ते एवढंच: पान उघडताना दर वेळी हे प्लगइन काय काय करतं, आणि त्यात त्रुटी सापडली तर ती दुरुस्त करायला कुणी जागेवर आहे का.

पायरी १: काम लिहून काढा आणि ते वर्डप्रेस स्वतः करतं का पाहा

शोधायला बसण्याआधी काम एका वाक्यात लिहा. ‘वेग वाढवायचा’ हे काम नव्हे. ‘मुख्य पानावरचे फोटो जड आहेत, ते हलके करायचे’ हे काम. एवढं नेमकं लिहिलं की निम्म्या वेळा प्लगइनची गरजच नाही हे लक्षात येतं, कारण जुन्या याद्यांमध्ये सुचवलेली बरीच कामं आता वर्डप्रेसच्या गाभ्यात आली आहेत.

फोटो खाली सरकल्यावरच उतरवणारं लेझी लोडिंग २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून आहे. साइटमॅप, म्हणजे सर्च इंजिनसाठीची पानांची यादी, हाही त्याच आवृत्तीत आला आणि प्लगइन्सचं ऑटो-अपडेटही. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर जाण्याची सोय ५.७ मध्ये आली. प्रमाणपत्र बसलेलं असेल तर ‘टूल्स’ मधल्या ‘साइट हेल्थ’ मध्ये एका बटणावर पत्ते बदलतात. वेबपी आणि एव्हीआयएफ हे फोटोंचे हलके प्रकार, अनुक्रमे २०२१ च्या ५.८ पासून आणि २०२४ च्या ६.५ पासून, चढवता येतात, मात्र सर्व्हरवरच्या इमेज लायब्ररीला ते जमायला हवं. पुढचं पान आधीच मागवून ठेवण्याची सोय २०२५ च्या ६.८ मध्ये आली. यातल्या कशासाठीही वेगळं प्लगइन टाकायची गरज नाही.

उलट टाकलं तर तोटा होऊ शकतो. लेझी लोडिंगचंच बघा. पानाच्या माथ्यावरचा मोठा फोटो लेझी लोड करू नये, हे वर्डप्रेसला ५.९ पासून कळतं, आणि ६.३ पासून तर तो फोटो आधी आणायला ते ब्राउझरला सांगतं. वेगळं लेझी लोड प्लगइन सरसकट सगळेच फोटो मागे ढकलतं आणि सगळ्यात महत्त्वाचा फोटो उशिरा दिसतो. वेगासाठी टाकलेल्या प्लगइनने वेग कमी होतो तो असा.

पायरी २: मोजा, बॅकअप घ्या, मगच हात लावा

बदलाआधीचे आकडे नसतील तर नंतर फरक पडला की नाही हे सांगताच येत नाही. तीन पानं निवडा: मुख्य पान, एखादा लांबलचक लेख, आणि फॉर्म किंवा दुकानाचं पान. गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्सवर प्रत्येक पान पाच वेळा तपासा आणि मधला आकडा घ्या. एकाच चाचणीवर विसंबू नका, कारण काहीही न बदलता लागोपाठच्या दोन चाचण्यांत गुण वरखाली होतात.

शंभरपैकी किती गुण मिळाले यापेक्षा मूळ मापं महत्त्वाची. पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, म्हणजे एलसीपी, २.५ सेकंदांच्या आत हवा. क्लिकला प्रतिसाद मिळायला लागणारा वेळ, आयएनपी, २०० मिलिसेकंदांच्या आत. मजकूर उड्या मारतो त्याचं माप, सीएलएस, ०.१ च्या आत. यांच्या जोडीला सर्व्हरकडून पहिला बाइट येण्याचा वेळ, टीटीएफबी, टिपून ठेवा, तो ०.८ सेकंदांच्या आत असावा. कुठल्या जातीचं प्लगइन लागणार हे या चौथ्या आकड्यावरूनच ठरतं. टीटीएफबी मोठा असेल तर दुखणं सर्व्हर, डेटाबेस किंवा कॅशेचं (कॅशे म्हणजे बनलेल्या पानांचा साठा). तो ठीक असून एलसीपी मोठा असेल तर फोटो, फॉन्ट आणि जावास्क्रिप्ट बघायची.

मग बॅकअप. अपड्राफ्टप्लस किंवा डब्ल्यूपीव्हिव्हिड या बॅकअप प्लगइन्सपैकी कुठलंही एक पुरेसं आहे. फाइल्स आणि डेटाबेस दोन्ही घ्या आणि प्रत सर्व्हरच्या बाहेर, क्लाउडवर किंवा स्वतःच्या संगणकावर ठेवा. त्याच होस्टिंगवर ठेवलेला बॅकअप साइटबरोबरच जातो: हल्लेखोराच्या हाती फाइल्स लागल्या तर बॅकअपही लागतो. एकदा तरी तो बॅकअप दुसऱ्या जागी पुन्हा उभा करून पाहा. उघडून न पाहिलेल्या झिप फाइलच्या भरवशावर राहू नये.

होस्टिंगमध्ये ‘स्टेजिंग’ ची, म्हणजे साइटच्या चाचणीसाठीच्या प्रतीची, सोय असेल तर नवं प्लगइन आधी तिथे टाका. नसेल तर ‘हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग’ नावाचं मोफत प्लगइन कामाला येतं. त्याच्या ट्रबलशूटिंग मोडमध्ये प्लगइन्स चालू-बंद केल्याचा परिणाम फक्त तुम्हाला दिसतो. वाचकांची साइट जशीच्या तशी चालू राहते.

पायरी ३: संग्रहातलं पान नीट वाचा

बहुतेक जण तारे आणि ‘ॲक्टिव्ह इन्स्टॉलेशन्स’ बघून ठरवतात. दोन्ही आकडे उपयोगाचे आहेत, पण सगळ्यात कमी माहिती त्यांतच असते. दहा लाख साइट्सवर असणं म्हणजे हल्लेखोरांचंही त्यावर दहापट लक्ष असणं. पानावरच्या इतर गोष्टी या क्रमाने पाहा.

‘लास्ट अपडेटेड’ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर उत्तम. एकच बारीक काम करणारं छोटं प्लगइन वर्षभर बदललं नाही तरी बिघडत नाही. पण पैसे, फाइल अपलोड किंवा लॉगिन हाताळणारं प्लगइन वर्षभर तसंच असेल तर सोडून द्या. ही तारीख फक्त माहितीची फाइल बदलूनही ताजी करता येते. म्हणून ‘डेव्हलपमेंट’ मध्ये जाऊन चेंजलॉग, म्हणजे बदलांची नोंद, उघडा आणि खरोखर काय बदललं ते वाचा. ‘सिक्युरिटी फिक्स’ अशी ओळ दिसली म्हणून घाबरू नका. त्रुटी कबूल करून दुरुस्त करणारा लेखक बरा. ज्याच्या चेंजलॉगमध्ये वर्षानुवर्षं ‘किरकोळ सुधारणा’ एवढंच असतं त्याच्याबद्दल शंका घ्या.

‘टेस्टेड अप टू’ हा आकडा, म्हणजे वर्डप्रेसच्या कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलं ते, प्लगइनचा लेखक स्वतः लिहितो, कुणी पडताळून देत नाही. पण तो फारच मागे पडला असेल, आणि पानाच्या माथ्यावर ‘वर्डप्रेसच्या शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांबरोबर तपासलेलं नाही’ अशी पट्टी असेल, तर लेखकाने लक्ष काढून घेतलं आहे असं समजा.

‘सपोर्ट’ मध्ये गेल्या दोन महिन्यांत किती तक्रारी सुटल्या ते दिसतं. ‘सुटली’ ही खूण हाताने केली जाते, तेव्हा आकड्यावर न थांबता पाच-सहा धागे उघडा. लेखक उत्तर देतो का, आणि ‘पैसे भरून प्रो आवृत्ती घ्या’ यापलीकडे काही सांगतो का? अभिप्रायांत एक ताऱ्याचे ताजे अभिप्राय आधी वाचा. ‘अपडेटनंतर साइट पांढरी पडली’ असं एकाच महिन्यात अनेकांनी लिहिलं असेल तर ती आवृत्ती टाळा.

पानाच्या तळाशी लेखकांची नावं असतात. ती बदलली आहेत का, हे विशेषतः जुन्या आणि लोकप्रिय प्लगइनच्या बाबतीत पाहावं. ‘डिस्प्ले विजेट्स’ हे दोन लाखांहून जास्त साइट्सवरचं प्लगइन २०१७ मध्ये विकलं गेलं. नव्या मालकाने त्यात असा कोड घातला की साइटवर परस्पर जाहिरातीचा मजकूर प्रसिद्ध व्हायचा, आणि लॉगिन केलेल्या माणसाला, म्हणजे साइटच्या मालकाला, तो दिसायचाच नाही. शेवटी संग्रहातून ते कायमचं काढलं गेलं. २०२४ च्या जून महिन्यात वेगळ्या वाटेने तेच झालं: काही लेखकांचे इतरत्र फुटलेले पासवर्ड वापरून त्यांच्या प्लगइन्समध्ये घातक कोड सरकवला गेला. त्यानंतर त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून संग्रहातल्या लेखकांना दोन टप्प्यांचं लॉगिन सक्तीचं झालं.

शेवटी प्लगइनचं नाव वर्डफेन्स इंटेलिजन्स, पॅचस्टॅक किंवा डब्ल्यूपीस्कॅन यांच्या त्रुटींच्या यादीत शोधा. नवख्या माणसाने तिथे तीनच गोष्टी वाचाव्यात. एक, ‘अनऑथेंटिकेटेड’ हा शब्द आहे का. म्हणजे लॉगिन न करता कुणालाही हल्ला करता येत होता का. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ हक्क लागत असतील तर धोका पुष्कळच कमी. दोन, दुरुस्त आवृत्ती निघाली का आणि किती दिवसांत. तीन, एकाच प्रकारची चूक पुन्हा पुन्हा दिसते का. यादीत नाव आहे म्हणून प्लगइन वाईट ठरत नाही. लाखो साइट्सवरच्या जवळपास प्रत्येक प्लगइनचं नाव तिथे सापडेल. अपड्राफ्टप्लसमध्ये २०२२ च्या फेब्रुवारीत मोठी त्रुटी निघाली आणि लगोलग दुरुस्त आवृत्ती साइट्सवर सक्तीने पोहोचवली गेली. असा प्रतिसाद देणाऱ्या मंडळींवर भरवसा टाकायला हरकत नाही.

‘नल्ड’, म्हणजे पैशाच्या प्लगइनची फुकट वाटलेली प्रत, कधीही टाकू नका. परवान्याची तपासणी काढण्यासाठी कुणीतरी कोडमध्ये हात घातलेलाच असतो. त्याने आणखी काय घातलं हे तुम्हाला कळायचं नाही, आणि लेखकाकडचं अपडेटही मिळायचं नाही.

पायरी ४: एका वेळी एक टाका आणि आत डोकावा

एका बैठकीत पाच प्लगइन्स टाकली आणि साइट मंदावली, तर दोष कुणाचा हे शोधायला संध्याकाळ जाते. एक टाका, जरूर तेवढ्या सेटिंग्ज करा, तीच तीन पानं पुन्हा मोजा, मगच पुढचं.

आत डोकावण्यासाठी ‘क्वेरी मॉनिटर’ हे मोफत साधन उत्तम आहे. चालू केलं की वरच्या काळ्या पट्टीत पान बनायला लागलेला वेळ, वापरलेली मेमरी आणि डेटाबेसला केलेल्या विचारणांची संख्या दिसते. तिथे क्लिक करून ‘क्वेरीज बाय कंपोनंट’ उघडा. कुठल्या प्लगइनने किती विचारणा केल्या आणि त्यांना किती वेळ लागला, हे ओळीने मिळतं. मग ‘एचटीटीपी एपीआय कॉल्स’ पाहा. साध्या लेखाच्या पानावर तिथे एखादा बाहेरचा पत्ता दिसला आणि समोर १ सेकंद लिहिलेला असला, तर पान उघडण्याआधी वाचक तेवढा वेळ वाट बघतो आहे. सोशल मीडियावरचे आकडे दाखवणारी आणि ‘संबंधित लेख’ सुचवणारी प्लगइन्स इथे हमखास सापडतात. ‘स्क्रिप्ट्स’ आणि ‘स्टाइल्स’ मध्ये कुणी किती फाइल्स लादल्या ते दिसतं. तपासणी झाली की क्वेरी मॉनिटर बंद करा, त्याचाही थोडा भार असतोच.

एक भार असाही असतो जो लवकर दिसत नाही. प्लगइन्स आपल्या सेटिंग्ज डेटाबेसमधल्या ऑप्शन्सच्या तक्त्यात ठेवतात, आणि ‘ऑटोलोड’ अशी खूण असलेल्या सगळ्या नोंदी प्रत्येक पानाला वाचल्या जातात. ६.६ आवृत्तीपासून साइट हेल्थ हा साठा सुमारे ८०० केबीच्या वर गेला की इशारा देतं. प्लगइन काढून टाकलं तरी त्याच्या नोंदी मागे राहतात, म्हणून ‘टाकून बघू, नको तर काढू’ हेही फुकट पडत नाही.

पायरी ५: कॅशिंग प्लगइन, एक आणि एकच

वर्डप्रेस प्रत्येक वाचकासाठी पान नव्याने बनवतं. कॅशिंग प्लगइन बनलेलं पान साठवून पुढच्या वाचकाला तेच देतं, आणि टीटीएफबी सगळ्यात जास्त याने उतरतो. पण आधी होस्टिंगवाल्यांना विचारा की सर्व्हरवरच पेज कॅशे आहे का. असेल तर प्लगइनची गरज नाही; काही होस्टिंगवर ते टाकायला मनाईच असते.

नसेल तर सर्व्हर कुठला आहे त्यावर निवड करा. सर्व्हर लाइटस्पीडचा असेल तर लाइटस्पीड कॅशे घ्या. अपाचे किंवा एनजिनएक्स असेल तर त्याच प्लगइनचं पेज कॅशे आपलं आपण चालत नाही, बाकीच्या सोयी तेवढ्या मिळतात. तिथे डब्ल्यूपी सुपर कॅशे किंवा कॅशे एनेबलर बरं, आणि पैसे खर्चायचे असतील तर डब्ल्यूपी रॉकेट. डब्ल्यू३ टोटल कॅशेमध्ये सेटिंग्जची इतकी गर्दी आहे की नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

दोन कॅशिंग प्लगइन्स एकत्र का चालत नाहीत? वर्डप्रेस सुरू होतानाच डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमधली ‘ॲडव्हान्स्ड-कॅशे’ नावाची फाइल वाचतं. नाव ठरलेलं, फाइल एकच. दुसरं प्लगइन ती खोडून स्वतःची ठेवतं किंवा दोघांची खेचाखेची चालू राहते, आणि वाचकाला आठवड्यापूर्वीचं पान दिसत राहतं. जुनं काढून नवं टाकताना ही फाइल आणि शेजारचं ‘कॅशे’ फोल्डर खरंच गेलं का, हे होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये बघून घ्या.

सेटिंग्ज एकदम सगळ्या चालू करू नका. पहिल्या दिवशी फक्त पेज कॅशे. मग खासगी विंडोमध्ये पान दोनदा उघडा. दुसऱ्यांदा टीटीएफबी उतरलेला दिसायला हवा. स्वतः लॉगिन असताना तपासून उपयोग नाही, लॉगिन असलेल्यांना सहसा साठवलेलं पान मिळतच नाही. दुकान असेल तर कार्ट, चेकआउट आणि ‘माय अकाउंट’ ही पानं वगळलेली आहेत ना, हे डोळ्यांनी पाहा. नाहीतर एकाची टोपली दुसऱ्याला दिसते.

साठवलेल्या पानाचं आयुष्य १० तास ठेवा. कारण फॉर्ममध्ये वर्डप्रेस ‘नॉन्स’ नावाचा गुप्त आकडा घालतं आणि तो १२ ते २४ तासांत बाद होतो. पान दोन दिवस साठवून ठेवलं तर त्यातला नॉन्स शिळा होतो आणि काही फॉर्म विनाकारण नकार देऊ लागतात. ‘सकाळी फॉर्म चालतो, संध्याकाळी चालत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं.

हे स्थिर झालं की सीएसएस मिनिफाय (फाइलमधल्या मोकळ्या जागा काढणं), मग जावास्क्रिप्ट डिफर (पान वाचून झाल्यावर चालवणं), आणि सगळ्यात शेवटी जावास्क्रिप्ट डिले (वाचकाने हात लावेपर्यंत थांबवणं). प्रत्येक पायरीनंतर मोबाइलवर मेन्यू उघडा, फोटोंची पट्टी सरकवा, फॉर्म पाठवून बघा. मेन्यू अडला तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये लाल अक्षरांत ‘जेक्वेरी इज नॉट डिफाइन्ड’ असं सापडण्याची शक्यता मोठी: जेक्वेरी ही अनेक प्लगइन्स वापरतात ती जावास्क्रिप्ट लायब्ररी मागे ढकलली गेली आणि तिच्यावर अवलंबून असलेला कोड आधी चालला. जेक्वेरीची फाइल वगळणाऱ्या यादीत घातली की काम होतं. फाइल्स ‘कंबाइन’ करण्याची सोय मात्र बंदच ठेवा. एचटीटीपी/२ या नव्या पद्धतीच्या जोडणीवर छोट्या फाइल्स समांतर उतरतात, त्या एकत्र करून फारसं काही मिळत नाही आणि बिघाड वाढतात.

पायरी ६: सुरक्षेचं प्लगइन आणि त्याच्या मर्यादा

सुरक्षेचं प्लगइन टाकलं की साइट सुरक्षित झाली, हा समज मोठा आहे आणि चुकीचाही. ते प्लगइनही कोडच. रिअली सिंपल सिक्युरिटी या चाळीस लाखांहून अधिक साइट्सवरच्या प्लगइनमध्ये २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अशी त्रुटी सापडली की दोन टप्प्यांचं लॉगिन चालू असलेल्या साइटवर पासवर्डशिवाय ॲडमिन म्हणून शिरता येत होतं. ९.१.२ आवृत्तीत ती दुरुस्त झाली. धडधाकट कुलूपच किल्लीविना उघडावं, असा तो प्रकार.

बहुतेक छोट्या साइट्सना दोनच गोष्टी लागतात: दोन टप्प्यांचं लॉगिन आणि चुकीच्या लॉगिनवर मर्यादा. पहिल्यासाठी ‘टू फॅक्टर’ हे मोफत, आटोपशीर प्लगइन पुरेसं आहे. ॲपचा क्यूआर कोड स्कॅन केल्यावर लगेच बॅकअप कोड छापून किंवा लिहून ठेवा. फोन हरवल्यावर तेच उपयोगी पडतात. दुसऱ्यासाठी ‘लिमिट लॉगिन अटेम्प्ट्स रीलोडेड’. साइट क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेमागे असेल तर प्लगइनला प्रत्येक पाहुण्याचा आयपी पत्ता त्या सेवेचाच दिसू शकतो. मग कुणा एकाने चार वेळा पासवर्ड चुकवला की तुमच्यासकट इतरांनाही दार बंद. खरा पत्ता विनंतीसोबतच्या कुठल्या माहितीतून (हेडरमधून) घ्यायचा हे सेटिंगमध्ये सांगावं लागतं.

फायरवॉल, म्हणजे घातक विनंत्या अडवणारी चौकी, हवीच असेल तर वर्डफेन्स मोफत मिळतं, पण मोफत आवृत्तीला नवे नियम ३० दिवस उशिरा मिळतात. साध्या शेअर्ड होस्टिंगवर त्याची तपासणी जड जाते. ‘लो रिसोर्स स्कॅनिंग’ चालू करा. पीएचपीमध्ये चालणारी कुठलीही फायरवॉल हल्ल्याची प्रत्येक विनंती सर्व्हरवर आल्यानंतरच अडवते. गर्दीचा मारा असेल तर तो सर्व्हरच्या आधीच, डीएनएसच्या पातळीवर थोपवणारी सेवा बरी. सुरक्षेची दोन मोठी प्लगइन्स एकत्र ठेवू नका, दोघं एकमेकांच्या फाइल्सना संशयित ठरवतात.

‘एक्सएमएल-आरपीसी (बाहेरच्या ॲप्सनी साइटशी बोलायची जुनी वाट) बंद करा’ हा सल्ला बरोबर आहे, पण जेटपॅक हे प्लगइन वापरत असाल तर ते त्याच वाटेने बोलतं आणि तुटतं. लॉगिनचा पत्ता लपवल्याने बॉटची वर्दळ कमी होते, यापलीकडे त्यातून सुरक्षा मिळत नाही. डॅशबोर्डमधून कोड बदलण्याची सोय डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये एका ओळीने बंद होते, आणि बहुतेक सुरक्षा प्लगइन्समध्ये त्याचा खटकाही असतो. तो लावून टाका.

बाकीची खाती थोडक्यात

फॉर्म: काँटॅक्ट फॉर्म ७ हलकं आहे, पण आपल्या फाइल्स सगळ्याच पानांवर लादतं आणि आलेले संदेश साठवत नाही. ईमेल पोहोचला नाही तर संदेश गेला. जोडीला फ्लेमिंगो टाका, ते नोंद ठेवतं.

फोटो: शॉर्टपिक्सेल, इमॅजिफाय, ईडब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू यांपैकी एक. मूळ फोटो चढवण्याआधीच लहान केलात तर प्लगइनचं काम निम्मं होतं. ५.३ पासून वर्डप्रेस २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची लहान प्रत बनवून तीच दाखवतं, पण मूळ फोटो डिस्कवर राहतोच.

एसइओ: योस्ट किंवा रँक मॅथ, दोन्ही नाही. दोन ठेवली तर पानाच्या माहितीचे टॅग दोनदा छापले जातात.

पेज बिल्डर (ओढून-सोडून पान मांडायचं साधन): खरोखर हवा असेल तरच. पानाचा सांगाडा फुगतो, आणि पुढे काढायचा म्हटलं तर मजकुराची मांडणी विस्कटते. गुटेनबर्गच्या, म्हणजे वर्डप्रेसच्या स्वतःच्या संपादकाच्या, ब्लॉक्समध्ये भागत असेल तर त्यातच भागवा.

फाइल मॅनेजर प्रकारची प्लगइन्स टाळाच. ‘फाइल मॅनेजर’ याच नावाच्या, सात लाख साइट्सवर असलेल्या प्लगइनमध्ये २०२० च्या सप्टेंबरमध्ये लॉगिन न करता कुणालाही फाइल चढवता येत होती. हे काम होस्टिंगच्या पॅनेलमधून किंवा एसएफटीपीने होतं.

पायरी ७: अपडेट आणि बंद पडलेली प्लगइन्स

ऑटो-अपडेट सगळ्यांना लावावं का? सुरक्षा, फॉर्म आणि छोट्या प्लगइन्सना जरूर लावा. मोठी त्रुटी जाहीर झाल्यावर हल्ले काही तासांत सुरू होतात, तुम्ही रविवारी बघेपर्यंत कुणी थांबत नाही. दुकान आणि पेज बिल्डर मात्र हाताने, आधी स्टेजिंगवर. ६.६ आवृत्तीपासून ऑटो-अपडेटने साइट कोसळली तर जुनी आवृत्ती आपोआप परत येते. पण ही सोय फक्त गंभीर पीएचपी चूक ओळखते, मोडलेला मेन्यू नाही. जुनी आवृत्ती हाताने हवी असेल तर संग्रहातल्या पानावर ‘ॲडव्हान्स्ड व्ह्यू’ मध्ये खाली मिळते.

सुरक्षेच्या कारणावरून एखादं प्लगइन संग्रहातून बंद केलं जातं तेव्हा तुमच्या डॅशबोर्डवर तसा इशारा येत नाही. ते गुपचूप चालत राहतं, अपडेट येणं तेवढं थांबतं. महिन्यातून एकदा यादीतल्या प्रत्येक प्लगइनचं ‘व्ह्यू डिटेल्स’ उघडा. माहिती येत नसेल तर संग्रहातलं पान पाहा. बंद केल्याची तारीख आणि बहुधा कारणही तिथे असतं.

साइट उघडेनाशी झाली तर

‘देअर हॅज बीन अ क्रिटिकल एरर’ असं दिसलं तर आधी ॲडमिनच्या ईमेलमध्ये, स्पॅमसकट, रिकव्हरी मोडची लिंक शोधा. तिने लॉगिन केलं की दोषी प्लगइन तुमच्यापुरतं थांबलेलं असतं, ते बंद करा. ईमेल आला नसेल तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या प्लगइन्स फोल्डरमध्ये जा आणि शेवटी टाकलेल्या प्लगइनच्या फोल्डरच्या नावापुढे काहीही जोडा. वर्डप्रेसला ते सापडत नाही आणि साइट उघडते. कुठलं आहे तेच कळत नसेल तर अख्ख्या प्लगइन्स फोल्डरचं नाव बदला, डॅशबोर्डमधलं प्लगइन्सचं पान एकदा उघडा, नाव पूर्ववत करा आणि एकेक चालू करत जा.

काढताना

‘डिॲक्टिव्हेट’ करून ठेवलेलं प्लगइन वर्डप्रेस चालवत नाही, पण त्याच्या फाइल्स सर्व्हरवर असतात आणि काही फाइल्सना थेट पत्त्याने हाक मारता येते. वरच्या फाइल मॅनेजर प्रकरणातली त्रुटी अशाच थेट उघडता येणाऱ्या फाइलमध्ये होती. वापरत नसाल तर ‘डिलीट’ करा. त्याआधी प्लगइनच्या सेटिंगमध्ये ‘अनइन्स्टॉल करताना सगळा डेटा काढा’ असा पर्याय असतो तो पाहा, नाहीतर डेटाबेसमध्ये त्याचे तक्ते पडून राहतात.

वर्डफेन्ससारख्या फायरवॉलचं फोल्डर मात्र होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून सरळ उडवू नका. ‘एक्स्टेंडेड प्रोटेक्शन’ चालू असताना ती सर्व्हरला सांगून ठेवते की कुठलंही पान बनवण्याआधी माझी फाइल वाच. ही सूचना साइटच्या मूळ फोल्डरमधल्या ‘डॉट यूझर डॉट आयएनआय’ किंवा ‘डॉट एचटीॲक्सेस’ फाइलमध्ये असते. ती तशीच ठेवून ‘वर्डफेन्स-वॅफ’ ही फाइल पुसली तर सर्व्हर नसलेली फाइल शोधतो आणि पूर्ण साइट बंद पडते. क्रम असा: आधी प्लगइनच्या फायरवॉल सेटिंगमधून एक्स्टेंडेड प्रोटेक्शन काढा, पाच मिनिटं थांबा, कारण सर्व्हर ‘यूझर आयएनआय’ ची जुनी प्रत साधारण ३०० सेकंद लक्षात ठेवतो, आणि मग डिॲक्टिव्हेट करून डिलीट करा.